एकोणिसाव्या किलोमीटरला

६ ऑगस्ट

प्रिय ताई,

आई गेल्यावर आपण ठरवलंच होतं की फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. फोनवर पाच मिनिटांत आपलं वाजतं आणि मग दोघी महिनाभर फुगून बसतो. पत्रात निदान एकमेकींचं बोलणं तोडता येत नाही. म्हणून हे पत्र.

बातमी ऐकायला आधी खुर्चीत बस. तुमच्या शहरातल्या त्या मोठ्या शर्यतीत मी धावणार आहे! एकवीस किलोमीटर! हसू नकोस. माझ्या पार्लरमध्ये येणारी एक बाई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, गेल्या वर्षी धावली. तिने पदक आणून दाखवलं आणि भुवया कोरता कोरता माझा हात तिथेच थांबला. ती म्हणते, शर्यत कसली, नुसती धमाल असते. चौकाचौकात बँड, लोक भोपळे आणि छत्र्या होऊन धावतात, अनोळखी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून आपल्या नावाने ओरडतात.

मला सेहेचाळिसावं लागलं, ताई. आजवर मी काय पुरं केलं सांग. शिवणाचा क्लास अर्धा, गाणं अर्धं, नर्सिंगचं एकच वर्ष. आई म्हणायचीच, बारकीचं सगळं अर्ध्यावर. तर हे एक मला पुरं करायचंय, आणि आईच्या नावाने करायचंय. तू तिथे नोंदणीत काम करतेस ना? मला एक फॉर्म पाठव.

तुझी,
बारकी

१७ ऑगस्ट

बारके,

खुर्चीतच होते. तुझं पत्र मी उभ्याने वाचत नाही.

फॉर्म सोबत आहे. नोंदणीत मी हौसेने बसते, नोकरी नाही ती. आई गेल्यापासून दुपार सरता सरत नव्हती. आठ वर्षं दर दोन तासांनी उठायची सवय लागलेलं अंग रिकामं बसू देत नाही. तिथे फॉर्म उघडायचे, तपासायचे, गठ्ठे करायचे, एवढंच काम असतं.

शर्यतीला साडेतीन तासांची मर्यादा आहे. त्यात बसणार असशील तर भर. तू कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर काढतेस, म्हणून आपलं विचारलं.

फॉर्मच्या मागे ‘तुम्ही कोणासाठी धावता?’ असा रकाना आहे. शंभर शब्दांत कहाणी लिहायची. आलेल्यांतून पंचवीस निवडतात आणि त्यांना एक शर्ट देतात. त्याच्या पाठीवर त्या माणसाचा फोटो आणि खाली ती कहाणी छापलेली असते. हे भरलंच पाहिजे असं नाही. रिकामं सोडलंस तरी चालतं.

ताई

२ सप्टेंबर

प्रिय ताई,

फॉर्म आजच टपालात टाकला. तू ‘रिकामं सोडलंस तरी चालतं’ म्हणालीस, पण मी भरलं. लेकीने मदत केली. काय लिहिलंय ते सांगत नाही, शर्टावरच वाच. निवडणारी माणसं वेगळी असतात ना?

सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि विजेच्या खांबाला मिठी मारून उभी राहिले. आमचे हे गॅलरीतून बघत होते. म्हणाले, खांबाला तरी सोड. आता तीन किलोमीटर न थांबता जमतात. माझ्यात काय आलंय मलाच कळत नाही. पहाटे उठते, बूट घालते, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकताना वाटतं की आई बघतेय.

तुझी,
बारकी

१९ सप्टेंबर

बारके,

फॉर्म पोचला. आलेले फॉर्म मीच उघडते, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुझ्या लक्षात राहिलेलं दिसत नाही.

तू लिहिलेलं इथे उतरवून काढते, म्हणजे दोघींना एकच आठवेल:

‘पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईची मी आठ वर्षं सेवा केली. तिला माझ्या हाताने भरवलं. दर दोन तासांनी कुशीवर वळवलं. तिच्या पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. त्यासाठी नोकरी सोडली. लोक म्हणाले, स्वतःचं आयुष्य जग. मी म्हणाले, हेच माझं आयुष्य. शेवटच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता. आता तिचे पाय होऊन मी धावणार आहे.’

छान उतरलंय. माझ्या टेबलाशेजारची मुलगी वाचून डोळे पुसत होती.

त्या आठ वर्षांत तू किती वेळा आलीस ते मी कधी मोजलं नव्हतं. काल मोजलं. अकरा वेळा. त्यातल्या चार वेळा राहिलीस. शेवटच्या क्षणी तू मेकअपच्या शिबिरात होतीस आणि दुसऱ्या दिवशी केस सेट केलेलेच घेऊन आलीस. मी नोकरी सोडली तेव्हा तू काय म्हणालीस ते तरी आठवतं का? म्हणालीस, ‘ताई, तुला तरी कुठे संसार आहे?’

फॉर्म निवड समितीच्या खोक्यात ठेवला आहे. तो अडवायचा अधिकार मला नाही.

ताई

२७ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर रडले. गिऱ्हाइकांना सांगितलं सर्दी झालीय.

अगं, ती कहाणी आहे! कहाणी अशीच लिहितात. ‘सेवा माझ्या बहिणीने केली आणि मी इकडे भुवया कोरत होते’ असं लिहिलं असतं तर कोणी निवडलं असतं मला? मी रोज फोन करत नव्हते का? मनाने मी तिथेच होते. तुझ्या नशिबात जवळ राहणं होतं, माझ्या नशिबात लांब. आई काय तुझी एकटीची होती का?

तुला एवढं लागलं असेल तर फॉर्म फाडून टाक. मी काही बोलणार नाही.

पण खरंच फाडू नकोस, ताई. तुझ्या पाया पडते. अकरा किलोमीटर झाले काल.

बारकी

११ ऑक्टोबर

बारके,

फाडला नाही. तुझी निवड झाली. समितीत एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना तुझी कहाणी फारच भिडली. फॉर्मवरचा तुझा फोटो दाखवून मला म्हणाल्या, तुमच्या आणि या बाईंच्या चेहऱ्यात साम्य वाटतं हो, तुमच्या कोणी आहेत का? मी म्हटलं, तोंडओळख आहे.

राग आता राहिलेला नाही. झालं ते झालं. तू धावतेच आहेस, तर नीट धाव. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घे. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालू नकोस. तहान लागायच्या आधी पाणी पी.

शर्ट आणि पुस्तिका सोबत पाठवते आहे. फोटो आईचा चांगला आलाय, आजारपणाच्या आधीचा. पुस्तिका चोवीस पानांची आहे आणि सगळे नियम तिच्यात आहेत. शेवटच्या पानापर्यंत वाच.

ताई

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू किती मोठ्या मनाची आहेस! पत्र आल्यापासून मी पिसासारखी हलकी झाले आहे.

काल पूर्ण एकवीस किलोमीटर मारले! तीन तास वीस मिनिटं! म्हणजे दहा मिनिटं हातात. ह्यांनी शेजाऱ्यांना हाका मारून सांगितलं. लेकीने पायाला तेल चोळलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कोणी माझे पाय चेपले असतील.

पुस्तिका बघितली. काय सुंदर फोटो आहेत! तो छत्री झालेला माणूस कसला गोड आहे. नियम चौथ्या पानापर्यंत वाचले आणि मग डोळे मिटायला लागले. पण तू आहेसच ना तिथे.

एकच भीती आहे. कहाणीवाल्यांना पहिल्या तुकडीत, मंचासमोर उभं करणार असं लिहिलंय. मागून हजारो माणसं सुटणार, मला तुडवतील गं. तुझ्या हातात असेल तर मला मागे टाकशील का? अगदी शेवटी, जिथे कोणाला घाई नसेल तिथे.

तुझीच,
बारकी

२३ नोव्हेंबर

बारके,

तुझ्या विनंतीप्रमाणे तुला पाचव्या, म्हणजे शेवटच्या तुकडीत घातलं आहे. तुझं पत्र कागदपत्रांना जोडून ठेवलं, कोणी विचारलं तर असावं. मागे खरंच मोकळं असतं.

सुरुवातीच्या रेषेवर पाय पडला की तुझं घड्याळ चालू कर. तीन तास वीस मिनिटांचाच वेग धर. उगाच जोर करून दम घालवू नकोस.

राहायला तुझ्या आतेसासूबाईंकडे जा. मला पहाटे निघायचं आहे, माझ्याकडे तुझी आबाळ होईल.

त्या दिवशी मी एकोणिसाव्या किलोमीटरला असेन, पुलाच्या तोंडाशी. आम्हांला जागा मागून घेता येते. मी तीच मागितली. तिथे तुझी वाट बघते.

ताई

१५ डिसेंबर

ताई,

आठवडा झाला. पायाच्या बोटांची नखं काळी पडली, दोन तर निघूनच आली. पण हे पत्र नखांबद्दल नाही.

मला तुला सगळं सांगायचंय. तू तिथे होतीस, पण तू शेवटच बघितलास.

आमची तुकडी सुटली तेव्हा उजाडत होतं. बँडवाल्यांनी वरातीसारखं वाजवत आम्हांला बाहेर काढलं. माझ्या एका बाजूला गाजर झालेला माणूस, दुसऱ्या बाजूला लग्नाच्या कपड्यांतलं सत्तरीचं जोडपं. गच्चीवरून लोक फुलं टाकत होते, एका बाईने नळी लावून आम्हांला न्हाऊ घातलं. मी हसत होते, ताई. एकटीच, मोठमोठ्याने. मागून येणारे माझी पाठ वाचायचे आणि पुढे जाताना खांद्यावर हात ठेवायचे. एका म्हातारबाबांनी तर धावता धावता हात जोडले. तेव्हा मला लाज वाटली. खरंच वाटली. पण पाय थांबले नाहीत.

बाराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. सोळाव्याला रडले. तरी एक पाऊल चालले नाही. एकोणिसावी पाटी दिसली तेव्हा माझ्या घड्याळात बरोब्बर तीन तास झाले होते. दोन किलोमीटर राहिले, अर्धा तास हातात. रांगत गेले असते तरी पोचले असते. आणि समोर तू. पिवळं जाकीट घातलेली. मी ‘ताई!’ म्हणून ओरडले. तू हात वर केलास. मला वाटलं, मिठी मारायला. जवळ आले तर तुझ्या हातात दोरी होती.

तू म्हणालीस, “वेळ संपली. बसमध्ये बसा.”

बसा! मला अहो-जाहो केलंस!

मी मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं. तू म्हणालीस, “पूल नऊ वाजून दहाला बंद होतो. वेळ पहिल्या तुकडीचा बार उडाल्यापासून धरतात. पान एकवीस.” आणि कात्री काढून माझ्या छातीवरचा नंबर मधोमध कापलास. बाकीच्यांना तुझ्यासोबतचा मुलगा बसकडे नुसती हाताने खूण करत होता, मी बघितलं.

मागे राहिलेल्यांना उचलणाऱ्या त्या बसमध्ये जागा पुढची मिळाली. मी पुढे वाकून, मान खाली घालून बसले, तर मागच्या बाईने माझी पाठ मोठ्याने वाचायला घेतली. ‘आता तिचे पाय होऊन मी धावणार आहे’ इथे आल्यावर कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. बस शेवटच्या रेषेसमोरून गेली. हे आणि लेक तिथे हार घेऊन उभे होते. लेकीने मला खिडकीत बघितलं आणि हार मागे लपवला.

हिशेब मी नंतर केला. आमची तुकडी चोवीस मिनिटं उशिरा सुटली. पहिल्या तुकडीत असते तर नऊ वाजताच पूल ओलांडला असता.

तुला हे माहीत होतं का? एवढंच सांग.

बारकी

२४ डिसेंबर

बारके,

माहीत होतं.

मागे उभं राहायचं तू मागितलंस. पुस्तिका तू वाचली नाहीस. मी एकही नियम मोडला नाही. हे सगळं मी तयार ठेवलं होतं, तुला लिहायला. पण तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगते. तुझं ते मागणं आलं, त्या दिवशी मी पुस्तिका काढून एकविसावं पान पुन्हा वाचलं आणि नंतर स्वतःसाठी चहा केला. कितीतरी दिवसांनी चहाला चव लागली.

तू आधीच दमून बसली असतीस तर मला ते चाललं नसतं. मला तू पुलापर्यंत यायला हवी होतीस. खूश, घामाघूम, दोन किलोमीटर राहिलेली. माझी आठ वर्षं पाठीवर घालून मिरवलीस ना, मग कोणीतरी हात धरून खाली बसवलं की कसं वाटतं ते तुला कळायला हवं होतं. नऊ दहाला दोरी लावली आणि त्यानंतर मी फक्त तुझ्याकडेच डोळे लावून होते. सोबतचा मुलगा म्हणाला, काकू, तुम्ही थोडं बसा. मी नाही बसले.

नंतर वाईट वाटेल असं वाटलं होतं. म्हणून लगेच लिहिलं नाही, वाट बघितली. आज सोळा दिवस झाले. अजून तरी वाटलेलं नाही.

हेही अर्ध्यावरच राहिलं तुझं.

ताई

४ जानेवारी

ताई,

खरं लिहिलंस, बरं केलंस. आता माझंही ऐक.

तू म्हणतेस मी आईसाठी काही केलं नाही. एक केलं. मी गप्प बसले.

सकाळी तू आंघोळीला गेलीस की आई चांगल्या हाताने मला फोन लावायची. दहा मिनिटं. तिचं बोलणं डॉक्टरांना कळायचं नाही, पण मला कळायचं. ती म्हणायची, ‘ही मला रागाने वळवते.’ म्हणायची, ‘तोंडाने एक शब्द बोलत नाही, पण हात दुखवतात हिचे.’ मी म्हणायचे, आई, ताईएवढं कोण करतं गं? तर म्हणायची, ‘करते. पण मी कधी जाते त्याची वाट बघत करते.’ एकदा म्हणाली, ‘बारके, मला इथून ने.’

मी नाही नेलं. ते माझ्या डोक्यावर आहे. पण तुला यातलं एक अक्षर कधी कळू दिलं नाही, तुझ्या आठ वर्षांना धक्का नको म्हणून. शर्यत पुरी झाली असती तर पदक घेऊन तडक तुझ्याकडे येणार होते. तुझ्या गळ्यात घालणार होते.

बारकी

९ जानेवारी

बारके,

हे खोटं आहे. तुला कहाण्या किती छान लिहिता येतात ते मी नोंदणीच्या टेबलाशी बसून वाचलंय. शेवटची तीन वर्षं आईला दोन शब्द धड जोडता येत नव्हते. ‘वाट बघत करते’ असली वाक्यं ती निरोगी असतानाही बोलली नाही. स्वतःच्या आईच्या तोंडात असले शब्द घालताना काही वाटलं नाही का तुला?

पुन्हा असलं लिहू नकोस.

ताई

२३ जानेवारी

बारके,

उत्तर आलं नाही. टपाल कुठे अडकलं असेल.

मी सकाळी आंघोळीला जायचे तेव्हा तिच्या उशाशी फोन असायचा, हे खरं आहे. मीच ठेवत असे, मधेच काही लागलं तर असावा म्हणून. परत आले की तो कधीकधी उलटा पडलेला असायचा. मला वाटायचं, हात लागून पडला.

तिने मनगटाचं सांगितलं असेल तर ते एकदाच झालं. भरवताना तिने चमचा उडवला. तिसऱ्यांदा. मी तिचं मनगट धरलं, जरा जोरात. निळं पडलं. डॉक्टरांना मी सांगितलं की पलंगाच्या कठड्याला लागलं. आठ वर्षांत एकदा, बारके. तेच ती तुला पुन्हा पुन्हा सांगत होती का? की आणखी काही सांगायची? ‘इथून ने’ हे कोणत्या वर्षी म्हणाली?

ताई

१४ फेब्रुवारी

बारके,

एकदा नाही. दोनदा झालं. दुसऱ्यांदा मनगट नव्हतं.

मी झोपत नाही आहे. डोळे मिटले की माझेच हात दिसतात, तिला कुशीवर वळवताना. ते रागाने वळवतात का हे मी बघत बसते. मला आठवत नाही. मला खरंच आठवत नाही गं.

आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही. आता मागते. एक ओळ लिही, ‘मी ते खोटं लिहिलं.’ खोटं नसलं तरी तसंच लिही, मी विश्वास ठेवीन. पुलावर मी तुला सोडायला हवं होतं. दोरी माझ्याच हातात होती, वर उचलली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. चुकले मी.

फोन केला तर उचलशील का?

ताई

२ मार्च

प्रिय ताई,

तुझी तिन्ही पत्रं वेळेवर मिळाली. फोनचं आपलं ठरलंय, तो नको.

इकडे सगळे मजेत. ह्यांचा खोकला गेला. लेकीची परीक्षा जवळ आली आहे. मी धावणं सोडलं.

तू विचारलंस ते वाचलं. आई मला काय म्हणाली, किंवा म्हणालीच नाही, हे आता जगात माझ्या एकटीला माहीत आहे. तुझ्याकडे तिची आख्खी आठ वर्षं आहेत. माझ्याकडे तिचं म्हणून एवढंच आहे. ते मी तुला देणार नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
बारकी